स्पॅनिशमधलं ‘सांगणं’ मराठीतूनच शिका

स्पॅनिश शिकणाऱ्या आपल्या कोल्हापूरच्या पोरापोरींना मी एक गोष्ट सारखी सांगत असते, आज ती एकदाची नीट लिहूनच काढते. कुणी कुणाला काही सांगितलं, विचारलं, कळवलं, समजावलं असं वाक्य समोर आलं की इंग्रजीला जरा बाजूला बसवा आणि मराठीतून थेट स्पॅनिशमध्ये जा. आपल्याला शाळेपासून सवय अशी लागलीय की जगातली कुठलीही परकी भाषा इंग्रजीच्या दारातूनच आत येणार, पुस्तकं तशी, ॲप तशी, यूट्यूबवरचे मास्तरही तसेच, आणि बाकी ठिकाणी ते चालूनही जातं, पण ह्या ‘सांगण्याच्या’ क्रियापदांपाशी इंग्रजी पार घोटाळा करून ठेवते आणि मराठी मात्र हाताला धरून नेते.

माझ्याकडं राजारामपुरीत संध्याकाळी जी मंडळी बसतात त्यात एकजण शिवाजी पेठेतला फुटबॉलवेडा आहे, एकजण शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत एक्स्पोर्टचं काम बघतो आणि मेक्सिकोच्या पार्टीशी मेल करतो, आणि एक माझी भाची आहे जिला कॉलेजनंतर बाहेर शिकायला जायचंय. तिघांची गरज वेगळी, वय वेगळं, पण अडकतात अगदी एकाच ठिकाणी, देसीर ह्या क्रियापदापाशी. देसीर म्हणजे सांगणं, म्हणणं. आणि त्याच्या आधी येणारं ते छोटंसं मे, ते, ले, म्हणजे मला, तुला, त्याला.

आधी उच्चाराचं एक सांगते कारण मी सगळं देवनागरीत लिहितेय. स्पॅनिशमधलं ‘जे’ (j) हे अक्षर घशातून खरखरीत ‘ख’सारखं निघतं, म्हणून दीखे, दीखो असं लिहिलंय. व्ही आणि बी दोन्हीचा उच्चार साधारण ‘ब’. एच बोलतच नाहीत. आणि त, द हे चक्क आपले दंत्य त-द, इंग्रजीतले ट-ड नव्हेत, तेव्हा जीभ दाताला लावायची, त्यासाठी वेगळं काही शिकावं लागत नाही.

आता इंग्रजीत काय होतं बघा. टेल म्हटलं की मध्ये ‘टू’ येत नाही, से म्हटलं की येतो, एक्सप्लेन म्हटलं की येतो, आस्क म्हटलं की येत नाही. म्हणजे प्रत्येक क्रियापदाचा स्वभाव वेगळा पाठ करा. मग पोरं स्पॅनिशमध्ये आली की तिथंही तो ‘टू’ शोधत बसतात, कुठं घालू कुठं नको. मराठीत बघा, आईला सांगितलं, आईला विचारलं, आईला समजावलं, आईला कळवलं, आईला म्हणालो. सगळीकडं ला. स्पॅनिशमध्येही तसंच, ज्याच्या कानावर घालायचं त्याला ले. देसीर असो, कोन्तार म्हणजे गोष्ट-किस्सा सांगणं असो, एक्सप्लिकार म्हणजे समजावणं असो, प्रेगुन्तार म्हणजे विचारणं असो, कोन्तेस्तार म्हणजे उत्तर देणं असो, प्रोमेतेर म्हणजे वचन देणं असो, आकोन्सेखार म्हणजे सल्ला देणं असो, सगळ्यांना एकच नियम.

मराठी मीडियममधनं आलेल्या कितीतरी पोरांनी इंग्रजीच्या तासाला ‘एक्सप्लेन मी’ म्हटलं म्हणून बोलणी खाल्लीत. तिथं ते चुकीचंच आहे. पण स्पॅनिशमध्ये एक्सप्लीकामे एस्तो, मला हे समजावून सांग, हे शंभर टक्के बरोबर! ‘मला समजाव’ हीच रचना. तुमच्या तोंडून जे आपोआप येत होतं आणि दरवेळी खोडलं जात होतं तेच इथं पाहिजे आहे, म्हणून मी म्हणते मराठी मन मोकळं सोडा.

तर ती सर्वनामं. मे म्हणजे मला, ते म्हणजे तुला, ले म्हणजे त्याला-तिला, नोस म्हणजे आम्हाला किंवा आपल्याला, ओस म्हणजे तुम्हा सगळ्यांना, लेस म्हणजे त्यांना. ओस मुख्यतः स्पेनमध्ये. मेक्सिको, अर्जेंटिना, कोलंबिया, पेरू, सगळ्या लॅटिन अमेरिकेत समोर चारपाच जण असले तरी लेसच म्हणतात. स्पॅनिश 20 देशांची अधिकृत भाषा आहे आणि त्यातल्या स्पेनसारख्या एखाददुसऱ्याच देशात ओस चालतं, तेव्हा फौंड्रीवाल्याला मी सांगितलंय की ते ओळखता आलं तरी पुरे, वापरायची गरज तुला पडणार नाही.

आता ह्यांची जागा. इथं तर मला दरवेळी आनंद होतो. ते दीगो. तुला सांगतो. मे दीखो. मला म्हणाला. नोस कोन्तो. आम्हाला सांगितलं त्यानं. सर्वनाम आधी, क्रियापद नंतर, अगदी आपल्यासारखं! इंग्रजीतून येणाऱ्याला ते उलटं वाटतं, त्याला दोन महिने ‘मी सांगतो तुला’ची सवय मोडायला लागतात, आणि आपण तर जन्मापासून तुला सांगतोच म्हणतोय. शिवाय कर्ता गाळला तरी चालतं, तेही आपल्यासारखंच. ‘तुला सांगतो’ ह्यात ‘मी’ कुठं आहे? क्रियापदाच्या शेवटात आहे. दीगो म्हणजे मी, दीसेस म्हणजे तू, दीसे म्हणजे तो किंवा ती. यो ते दीगो म्हटलं तर त्या यो वर जोर येतो, ‘मी सांगतोय तुला, मी’ असा. आणि सांगायची गोष्ट ‘ते’ म्हणून मध्ये आली की ते लो दीगो, म्हणजे तुला ते सांगतो. आधी माणूस, मग गोष्ट, मग क्रियापद. शब्दाला शब्द ठेवला तरी मराठी वाक्य मोडत नाही. (ह्यातलं पहिलं ते स्पॅनिशमधलं तुला आणि दुसरं ते आपलं मराठी, भाचीनं हा प्रश्न विचारलाच होता.)

आपल्याकडं ‘तुला सांगालोय न्हवं’ म्हणतात, म्हणजे चालू काळात ठासून सांगणं. त्याला ते एस्तोय दिसिएन्दो. किंवा एस्तोय दिसिएन्दोते, ते शेवटी चिकटवून. दोन्ही बरोबर, अर्थ एकच. तसंच तुला काहीतरी सांगायचंय, ते किएरो देसीर आल्गो किंवा किएरो देसीर्ते आल्गो. दोन क्रियापदं जोडीनं आली की सर्वनाम एकतर सगळ्यात पुढं नाहीतर सगळ्यात मागं चिकटून. मधोमध लोंबकळत नाही, एवढं पाळलं की झालं.

ले ह्या शब्दाला मात्र वेळ द्यायला पाहिजे. मराठीत त्याला आणि तिला वेगळं असतं. स्पॅनिशमध्ये दोन्हीला ले. आणि उस्तेद म्हणजे आदरार्थी तुम्ही, त्यालाही ले. म्हणजे ले दीगो म्हटलं तर त्याला सांगतो, तिला सांगतो, आणि समोरच्या वयस्कर माणसाला उद्देशून ‘तुम्हाला सांगतो’ हे तिन्ही. आपल्याला तू आणि तुम्ही हा फरक रक्तात असल्यामुळं उस्तेद शिकवावा लागत नाही. कितीतरी घरांत आईला अगं तू आणि वडलांना अहो तुम्ही, बसमधल्या आजींना तुम्ही, मित्राला अरे. तेच तिथं ते आणि ले. फक्त एवढं लक्षात ठेवायचं की आदर दिला की ‘तुला’वरनं थेट ‘त्याला’च्या रूपावर जायचं. मेक्सिकोच्या साहेबाला पहिल्याच मेलात ते एस्क्रीबो लिहिलं तर ते ‘तुला लिहितोय’ झालं, ओळखपाळख नसताना. ले एस्क्रीबो, म्हणजे तुम्हाला लिहितोय. कंपनीतल्या चारपाच जणांना एकदम असेल तर लेस एस्क्रीबो.

आता खरी अडचण, जिच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं.

मी आईला सांगितलं. मराठीत झालं वाक्य पूर्ण. स्पॅनिशमध्ये ले दीखे आ मी माद्रे. मी माद्रे म्हणजे माझी आई, आ म्हणजे आपला ला. मग ‘आईला’ आ मी माद्रेमध्ये येऊन गेलं तर ते पुढचं ले कशाला? त्याला-तिला आधीच म्हणून टाकायचं आणि परत आईला म्हणायचं? प्रत्येकजण इथं थांबतो आणि ले काढून टाकतो, कारण डोकं म्हणतं की एकाच माणसाचा उल्लेख दोनदा कशाला.

तर ह्या ले कडं ‘तिला’ म्हणून बघायचंच नाही. ते क्रियापदाचाच भाग झालेलं आहे. पत्राच्या वर आपण आधी प्रति लिहितो आणि मग खाली नाव लिहितो, तसं ले आधी सांगून ठेवतं की आता जे बोलणं येतंय ते कुणालातरी उद्देशून आहे, आणि तो कोण ते मागनं आ लावून येतं. नुसतं दीखे आ मी माद्रे म्हटलं तर व्याकरण लगेच मोडत नाही, लिखाणात कुठं कुठं दिसतंही, पण बोलताना, खासकरून लॅटिन अमेरिकेत, ते उघडं वाटतं. ले असलंच पाहिजे असं समजूनच शिका.

आणि दोन ठिकाणी तर ले-मे सोडायची सोयच नाही. एक म्हणजे माणूस वाक्यात आधी आला तर. ‘आईला मी सांगितलं, वडलांना नाही’ अशा धाटणीचं. आ मी माद्रे ले दीखे, तिथं ले पाहिजेच पाहिजे. दुसरं म्हणजे आ च्या मागं सर्वनाम आलं तर. ‘मला म्हणाला तो, मला!’ असं ठासून सांगायचं असेल तर आ मी मे दीखो. ह्यातलं आ मी म्हणजे ‘मला’ वर जोर आणि मे म्हणजे साधं मला. दीखो आ मी असं नुसतं म्हणता येत नाही, मे पाहिजे. आपणही रागात असलो की ‘मला, मला सांगतोस व्हय?’ असं दोनदा म्हणतोच की. स्पॅनिशनं त्याचा नियम करून टाकलाय एवढंच.

मराठीची गंमत अशी की आपलंही क्रियापद नुसतं कर्त्याकडं बघत नाही. किस्सा सांगितला, गोष्ट सांगितली, गुपित सांगितलं. मी पुरुष असो बाई असो, सांगितला-सांगितली हे ठरतं सांगितलेल्या गोष्टीवरनं. म्हणजे आपलं क्रियापद ‘काय सांगितलं’ त्याची खूण अंगावर बाळगतं आणि स्पॅनिश क्रियापद ‘कुणाला सांगितलं’ त्याची खूण पुढं ले म्हणून बाळगतं. ले कोन्ते एल चीस्ते आ मी तीया, मावशीला विनोद सांगितला. सांगितला मधला ‘ला’ विनोदाचा, ले मावशीचं. हे फळ्यावर दोन बाण काढून दाखवलं तेव्हा शिवाजी पेठेतल्या आमच्या पोराच्या डोक्यात जे बसलं ते परत हललं नाही.

माणसं जास्त असली की लेस. लेस दीखे आ मीस पाद्रेस, आईवडलांना सांगितलं. इथं खुद्द स्पॅनिश बोलणारी माणसंही बोलताना पुष्कळदा नुसतं ले म्हणून जातात, तुमच्या कानावर पडेल. लिहिताना आणि परीक्षेत लेसच लिहा.

आता दुसरी खाच, ती मराठीच्या बाजूनं आहे, तेव्हा तीही सांगायलाच पाहिजे. शाळेत विभक्तीचा तक्ता घोकलेला आठवतोय का, द्वितीया स ला ते, स ला ना ते, आणि चतुर्थी परत तेच स ला ते, स ला ना ते. तेव्हा वाटायचं की तेच तेच दोनदा कशाला. त्याचं उत्तर स्पॅनिशमध्ये मिळतं. दादाला बघितलं ही द्वितीया, दादाला सांगितलं ही चतुर्थी. मराठीत प्रत्यय एकच असल्यामुळं फरक दिसत नाही. स्पॅनिशमध्येही माणसाचं नाव घेतलं की दोन्हीकडं आ च लागतो, बी आ मी एर्मानो म्हणजे दादाला बघितलं, ले दीखे आ मी एर्मानो म्हणजे दादाला सांगितलं. पण नाव काढून सर्वनाम घातलं की दोन वाटा फुटतात. लो बी, त्याला बघितलं. ले दीखे, त्याला सांगितलं. लो ही द्वितीया, ले ही चतुर्थी, आणि बाई असेल तर ला बी पण ले दीखेच. लॅटिनपासूनच हे वेगळं आलंय, लो आलंय इल्लुम वरनं आणि ले आलंय इल्ली ह्या चतुर्थीच्या रूपावरनं.

मग कसं ओळखायचं? मी पोरांना एकच प्रश्न विचारायला लावते, ‘काय?’ सांगितलं, काय सांगितलं? बातमी. म्हणजे बातमी हे कर्म झालं, लो ची जागा तिनं घेतली, मग माणसाला उरलं ले. बघितलं, काय बघितलं? दादालाच बघितलं. म्हणजे तोच कर्म, तोच लो. सांगणं-विचारणं-कळवणं ह्या गटात कायम काहीतरी सांगायची वस्तू असतेच, बोलून दाखवली नाही तरी असते, म्हणून ह्या गटात माणूस सहसा लो होत नाही. लो दीखे असं ऐकलं तर त्याचा अर्थ ‘ते मी बोललो’, ‘त्याला सांगितलं’ असा नव्हे.

स्पेनचं एक वेगळंपण ऐकून ठेवा. तिकडं पुष्कळ लोक ‘त्याला बघितलं’ला सुद्धा ले बी म्हणतात, पुरुष असेल आणि एकटा असेल तर स्पेनच्या भाषा अकादमीनंही ते मान्य केलंय. माद्रिद आणि आसपासच्या कास्तियातले काही जण ‘तिला सांगितलं’ला ला दीखे म्हणतात, ते मात्र अकादमी मानत नाही. तुम्ही ह्यात पडू नका, लो बी, ले दीखे हे सगळीकडं चालतं.

आता से लो. ‘मी त्याला ते सांगितलं.’ नियमानं ले लो दीखे व्हायला पाहिजे. होत नाही. ले आणि लो शेजारी आले की ले चं से होतं. से लो दीखे. पुस्तकात एका ओळीत नियम देऊन मोकळे होतात, कारण कुणी सांगत नाही, म्हणून पोरांना तो से कुठून टपकला कळत नाही आणि ‘स्वतः’वाला से बरोबर गल्लत होते. ह्याचा इतिहास असा आहे की लॅटिनमधलं इल्ली इल्लुम हे जोडीनं बोलता बोलता घासून जुन्या स्पॅनिशमध्ये गेलो झालं, त्यातला ग म्हणजे आपल्या झ-ज च्या जवळपासचा उच्चार होता. 1492 साली नेब्रिखानं कॅस्तिलियन भाषेचं व्याकरण छापलं त्या काळातही हे गेलो लिहिण्यात होतंच. मग उच्चार बदलत गेले आणि सोळाव्या शतकात हे गे आधीपासून असलेल्या से मध्ये मिसळून गेलं. म्हणजे हा से आणि स्वतःचा से ही दोन वेगळ्या घरांतली माणसं आहेत, नाव तेवढं एक झालंय. हे एकदा कळलं की से लो दीखे बघून घाबरायचं कारण राहत नाही.

अडचण एवढीच की से झालं की कुणाला ते पार पुसलं जातं. त्याला, तिला, त्यांना, तुम्हाला, सगळ्यांचं से. मग गरज पडली तर मागं लावायचं, से लो दीखे आ एय्या, तिला सांगितलं. से लो दीखे आ एय्योस, त्यांना सांगितलं. मेक्सिकोत आणि लॅटिन अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी लोकांनी ह्यावर आपापला तोडगा काढलाय, त्यांना सांगितलं असेल तर से लोस दीखे म्हणतात. सांगितलेली गोष्ट एकच, तरी लोस. से ला अनेकवचन दाखवता येत नाही म्हणून ते शेजारच्या लो वर टाकतात. औपचारिक लिखाणात हे टाळा, पण मेक्सिकोच्या माणसाशी फोनवर बोलताना ऐकू आलं तर गोंधळू नका. मला स्वतःला हा तोडगा फार आवडतो, माणसांना अर्थ पोचवायची किती ओढ असते ते त्यात दिसतं.

आज्ञा देताना सर्वनाम उडी मारून मागं जातं. दीमे, सांग मला. क्वेन्तामे, सांग बघू काय झालं ते. दीमेलो, मला ते सांग. नको म्हटलं की परत पुढं येतं, नो मे लो दीगास, मला ते सांगू नको. इथंही मराठी कामाला येते, ‘सांग की मला’ आणि ‘मला सांगू नको’ हे दोन्ही मोठ्यानं म्हणून बघा, जागा आपोआप तीच येते. नुसतं नो मे दीगास म्हणजे ‘काय सांगतोस!’, आपल्याकडचं ‘काय सांगालायस!’, आश्चर्यानं म्हणतात तसं. आणि ते लो दीखे म्हणजे ‘तुला सांगितलं होतं का न्हाई’. हे दोन आमच्याकडं क्लास संपल्यावर जिना उतरतानाही चालू असतात.

फुटबॉलवाल्या पोरासाठी अर्जेंटिनाची बोली वेगळी काढावी लागली. वर्ल्डकप आला की आपल्या पेठांत अर्जेंटिनाचे झेंडे लागतात आणि 2022 ला तर विचारूच नका, त्यामुळं ह्याला मेस्सीच्या मुलाखती बिनासबटायटल ऐकायच्यात. अर्जेंटिनात ‘तू’ला तू म्हणत नाहीत, बोस म्हणतात, आणि त्याबरोबर क्रियापदाचा आघात शेवटाकडं सरकतो. नेदरलँड्सच्या मॅचनंतर मुलाखत चालू असताना मेस्सी बाजूला बघून ‘के मिरास, बोबो’ म्हणाला ते सगळ्या जगानं ऐकलं, त्यातला मिरास हा बोस वाला, आघात रा वर. तसंच दीमे चं तिथं देसीमे होतं आणि क्वेन्तामे चं कोन्तामे. सर्वनाम मात्र बदलत नाही, बोस असलं तरी तुला म्हणजे ते च. ते दीगो ब्वेनोस आयरेसमध्येही ते दीगो आणि मेक्सिकोतही ते दीगो. एवढं धरून ठेवलं की बोलीचं ओझं निम्मं होतं.

आता जरा अवघड भाग, पण मजेचा. सांगितलं की पुढं ‘काय’ हे अख्खं वाक्य असेल तर के लावतात, आपल्या ‘की’च्या जागी. मे दीखो के एस्ताबा कान्सादो. मराठीत आपण काय म्हणतो? ‘दादा मला म्हणाला मी दमलोय.’ आपण त्याचे शब्द जसेच्या तसे ठेवतो, मी म्हणजे दादा, ऐकणाऱ्याला कळतंच. स्पॅनिशमध्ये ते शब्द वळवून घ्यावे लागतात, ‘तो दमला होता असं मला म्हणाला’ अशा वळणानं. इथं मराठी थेट चालत नाही, वाक्य आधी मनात वळवायचं आणि मग बोलायचं. पण ‘हो म्हणून सांगितलं’, ‘नाही म्हणून सांगितलं’ हे मे दीखो के सी, मे दीखो के नो, तिथं के शिवाय चालतच नाही, आणि आपल्या ‘म्हणून’मुळं ते आपल्याला विचित्र वाटत नाही.

आणि सांगणं हे कधी माहिती असते कधी हुकूम असतो. दीले के बेंगो, त्याला सांग मी येतोय. दीले के बेंगा, त्याला सांग ये म्हणून. एका ओ आणि आ मध्ये सगळा फरक. पहिल्यात बातमी आहे, दुसऱ्यात त्यानं यावं अशी इच्छा आहे, म्हणून क्रियापद इच्छेच्या रूपात जातं. मराठीत ‘येतो म्हणून सांग’ आणि ‘यायला सांग’ असा फरक आपण करतोच. तर ज्या ज्या ठिकाणी मराठीत ‘यायला सांगितलं’, ‘बसायला सांगितलं’, ‘करायला सांगितलं’ बसतं तिथं स्पॅनिशमध्ये इच्छार्थी रूप, हा माझा पक्का आडाखा आहे. भूतकाळात गेलं की मे दीखो के बिनिएरा, मला यायला सांगितलं. आणि मे-ले जागेवरच, त्याला काही होत नाही. दीले आ तू एर्मानो के बेंगा आ कोमेर, दादाला सांग जेवायला ये म्हणून. ह्या एका वाक्यात आज्ञा, चिकटलेलं ले, आ नं आलेला माणूस, के आणि इच्छार्थी, सगळं आलं. हे वाक्य पाठ करा, घरात रोज लागतं.

इंग्रजीत आस्क एकच, स्पॅनिशमध्ये दोन. प्रेगुन्तार म्हणजे विचारणं, पेदीर म्हणजे मागणं. आपल्याला मराठीत दोन शब्द आहेतच, तेव्हा ह्यावर मी वर्गात वेळ घालवत नाही. फक्त मराठीत मागताना ‘त्याच्याकडं मागितलं’ म्हणतो, स्पॅनिशमध्ये तिथंही ले च, ले पेदी दिनेरो, त्याच्याकडं पैसे मागितले. आणि बोलणं म्हणजे आब्लार, त्याला आब्ले कोन एल, त्याच्याशी बोललो, हे सोपं. ले आब्ले पण होतं, त्याचा अर्थ त्याच्याशी बोललो एवढाच, आपल्या ‘आई मला बोलली’सारखा रागावण्याचा अर्थ त्यात नाही.

फौंड्रीवाल्याच्या मेलातली काही वाक्यं इथं देते, दुसऱ्या कुणाला उपयोग होईल. ले कोन्फीर्मो के एल पेदीदो एस्ता लीस्तो, ऑर्डर तयार आहे हे तुम्हाला कन्फर्म करतो. मे पोद्रीया एन्बिआर एल प्लानो, मला ड्रॉइंग पाठवाल का. से लो एन्बिआमोस मान्याना, ते आम्ही तुम्हाला उद्या पाठवतो. कारखान्यातल्या वरच्या साहेबाला रिपोर्ट करायचा असेल तर ले मांदे ला कोतिसासिओन आल क्लिएन्ते, कस्टमरला कोटेशन पाठवलं, परत तेच, ले आणि आल क्लिएन्ते दोन्ही. पाठवणं, देणं, दाखवणं ही क्रियापदंसुद्धा सांगण्यासारखीच चालतात, तेव्हा एक शिकलं की दुसरं फुकट मिळतं.

सराव कसा करायचा विचाराल तर पुस्तकातल्या रिकाम्या जागा भरण्यापेक्षा गप्पा धरा. रंकाळ्यावर फिरायला जा नाहीतर गंगावेशीत दूध प्यायला उभे रहा, आजूबाजूला सगळं तेच चाललेलं असतं, ती मला म्हणली, मग मी तिला म्हणलं, मग तिनं त्याला सांगितलं आणि त्यानं सगळ्यांना सांगितलं. कानावर पडेल ते मनातल्या मनात स्पॅनिशमध्ये घालत जायचं. एय्या मे दीखो, यो ले दीखे, एय्या ले कोन्तो आ एल, इ एल लेस कोन्तो आ तोदोस. मे, ले, ले, लेस. चार माणसांची एक बातमी फिरवली की सगळी सर्वनामं फिरून येतात. माझी भाची तर आता घरातली भांडणं अशी सांगते आणि आजीला वाटतं पोरगी गाणं म्हणतीय.

पुढच्या पोस्टमध्ये गुस्तार, म्हणजे आवडणं, घेणार आहे. ‘मला आवडतं’ला मे गुस्ता म्हणतात, तीच चतुर्थी, तेच मे-ते-ले. तोवर हे एक करून बघा, मावशीनं मला सांगितलं की आईला तांबडा रस्सा आवडला. मी तीया मे दीखो के आ मी माद्रे ले गुस्तो एल काल्दो रोखो. ह्यातलं मे कुणाचं, ले कुणाचं, आणि आ मी माद्रे आधी आल्यामुळं ले का सोडता येत नाही, हे शेजारच्याला मराठीत समजावून सांगता आलं की पुढचा धडा उघडा.